विमानाच्या तिकिटाचा भाव कोण ठरवतो?

सकाळी पाहिले तेव्हा मुंबई-दिल्ली तिकीट साडेचार हजार होते. दुपारी घरच्यांशी बोलून पुन्हा पाहिले तर सहा हजार. रात्री पैसे भरायला बसलो तर सात हजार दोनशे. ही तक्रार आता फक्त श्रीमंतांच्या दिवाणखान्यात ऐकू येत नाही. खेड, म्हसळा, मालेगाव, बीड, सोलापूर, कुठेही जा, ज्यांच्या घरातला एखादा माणूस आखातात, बंगळुरात किंवा दिल्लीत कामाला आहे, त्या प्रत्येक घरात ती ऐकायला मिळते.

या तक्रारीतून लोक सहसा दोन निष्कर्ष काढतात. एक, मोबाईल आपल्यावर पाळत ठेवतो आणि आपली गरज ओळखून भाव चढवतो. दुसरा, हा सगळा लुटीचा धंदा आहे. माझे मत या दोन्हींपेक्षा थोडे वेगळे आहे. भाव वरखाली होणे ही मुळात फसवणूक नाही, उलट त्यामुळेच सामान्य माणसाला विमानात पाऊल ठेवता आले. पण या पद्धतीचा सगळा भार ज्याच्यापुढे दुसरा पर्यायच नाही त्याच्या डोक्यावर पडतो आणि त्या भाराला कुठलीही जाहीर मर्यादा नाही. माझी तक्रार आहे ती या गोष्टीबद्दल. पण तक्रार करण्याआधी गणित समजून घेतले पाहिजे, नाहीतर आपण चुकीच्या माणसाशी भांडत बसू.

भाजीवाला आणि विमान कंपनी

विमानातली जागा नाशवंत असते. विमान धावपट्टीवरून उठले की रिकाम्या राहिलेल्या जागेची किंमत शून्य होते. ती उद्या विकता येत नाही, गोदामात ठेवता येत नाही. कोथिंबिरीची जुडी निदान दुसऱ्या दिवसापर्यंत तरी टिकते.

मग प्रश्न असा पडतो, की भाजीवाला संध्याकाळी भाव उतरवतो आणि विमान कंपनी मात्र शेवटी भाव चढवते, असे का? याचे उत्तर गिऱ्हाइकात आहे. संध्याकाळी उशिरा मंडईत येणारा माणूस बहुधा स्वस्तात मिळते म्हणून आलेला असतो. विमानाच्या बाबतीत नेमके उलटे घडते. दोन महिने आधी तिकीट काढणारा सहलीला किंवा लग्नाला चाललेला असतो. परवडले नाही तर तो रेल्वेने जाईल, तारीख बदलेल किंवा जाणारच नाही. आदल्या दिवशी तिकीट शोधणारा मात्र अडलेला असतो. त्याची मुलाखत असते, कोर्टाची तारीख असते, कुणीतरी अतिदक्षता विभागात असते. तो मिळेल त्या भावाने घेणार हे कंपनीला माहीत असते. लवकर येणारा भाव पाहतो आणि उशिरा येणारा घड्याळ पाहतो, या एका फरकावर सगळी भावपद्धती उभी आहे.

पुष्कळ जण इंधनाकडे बोट दाखवतात. इंधन हा विमान कंपनीचा मोठा खर्च आहे, यात शंका नाही. विमानाचे इंधन अजून जीएसटीच्या बाहेर असल्यामुळे प्रत्येक राज्य त्यावर आपापला व्हॅट लावते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये मुंबई, पुणे आणि रायगड भागासाठी हा कर २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला. पण आपल्याकडे या इंधनाचे दर सर्वसाधारणपणे महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलतात. सकाळच्या आणि संध्याकाळच्या भावातला फरक त्यामुळे इंधनाने समजत नाही. इंधनाने पूर्ण दरपत्रक वर सरकते. त्या दरपत्रकातली कोणती पायरी आज आपल्या वाट्याला येईल, हे दुसऱ्याच गणितावर ठरते.

फळ्यावरचे गणित

मी भाषेचा शिक्षक आहे, गणिताचा नाही. तरी हे गणित आठवीच्या मुलांना समजेल इतके सोपे आहे.

समजा, विमानात एकच जागा उरली आहे. आज एक गिऱ्हाईक तीन हजार रुपये द्यायला तयार आहे. कंपनीला वाटते, की शेवटच्या दिवशी कुणीतरी अडलेला येईल आणि नऊ हजार देईल. आज विकावी की थांबावे? असा माणूस येण्याची शक्यता निम्मी असेल, तर थांबण्याची किंमत साडेचार हजार झाली. म्हणजे थांबणे फायद्याचे. शक्यता चारात एक असेल, तर थांबण्याची किंमत सव्वादोन हजारच होते. म्हणजे आजच विकलेले बरे. सीमारेषा आहे एक तृतीयांशावर, कारण तीन हजार हे नऊ हजारांचा तिसरा हिस्सा आहेत.

हा नियम १९७२ मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीतल्या केन लिटलवुड यांनी मांडला. आज जगभरातल्या कंपन्यांची संगणकप्रणाली याच विचाराची मोठी भावंडे आहेत. फरक इतकाच, की संगणक हे गणित प्रत्येक उड्डाणासाठी आणि प्रत्येक जागेसाठी पुन्हा पुन्हा करत असतो. मागच्या वर्षी या वारी या वेळी किती तिकिटे कधी विकली गेली, पुढच्या आठवड्यात सण आहे का, समोरच्या कंपनीने भाव उतरवला का, हे सारे त्यात घातलेले असते.

प्रत्यक्षात कंपनी जागांच्या पायऱ्या पाडते. समजा, १८० जागा आहेत. त्यांतल्या २० जागा तीन हजारांना, पुढच्या ३० जागा तीन हजार आठशेला, त्यापुढच्या पाच हजारांना, असे करत शेवटच्या काही जागा बारा-पंधरा हजारांना. प्रत्येक पायरीला एक अक्षर दिलेले असते. खालची पायरी संपली की भाव उडी मारून वरच्या पायरीवर जातो. विक्री मंदावली तर संगणक बंद केलेली पायरी पुन्हा उघडतो, म्हणून कधी कधी भाव उतरलेलाही दिसतो. त्याच रांगेत शेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळे पैसे का दिले, याचे उत्तर इथे सापडते. खुर्ची एकच असते, पायऱ्या वेगळ्या असतात.

मोबाईल आपल्याला ओळखतो का?

पालकसभेनंतर मला हमखास विचारला जाणारा हा प्रश्न आहे. "सर, आपण दुसऱ्यांदा बघितलं की त्याला कळतं का?" दोन वेळा पाहण्याच्या मधल्या काळात जो फरक पडतो तो बहुतेक वेळा पायरी संपल्यामुळे पडतो. आपल्यासारखेच आणखी शेकडो लोक त्याच विमानाकडे पाहत असतात. शिवाय तिकिटे विकणाऱ्या मधल्या संकेतस्थळांवर कधी कधी थोडा जुना भाव दिसत राहतो. पैसे भरायला गेल्यावर कंपनीकडून ताजा भाव येतो आणि आपल्याला वाटते, आपण बोट ठेवले म्हणून भाव वाढला.

यातून एक उपयोगाची गोष्ट मात्र निघते. पाच जणांचे कुटुंब एकत्र शोध घेते, तेव्हा स्वस्त पायरीवर तीनच जागा शिल्लक असतील, तर संगणक बहुधा पाचही जणांना वरच्या पायरीचा भाव लावतो. वरच्या उदाहरणात पाच जागांचे १९ हजार होतील. तीन आणि दोन अशी वेगळी तिकिटे काढली तर नऊ हजार अधिक सात हजार सहाशे, म्हणजे १६ हजार ६०० होतील. दोन हजार चारशे रुपये वाचले. म्हणून आधी एका माणसासाठी भाव पाहावा, मग सगळ्यांसाठी पाहावा. दोन्ही सारखे आले तर एकत्र काढावे. लहान मुले किंवा म्हातारी माणसे बरोबर असतील तर मात्र वेगळी तिकिटे काढण्याचा मोह टाळलेला बरा, कारण विमान रद्द झाले किंवा बदलले तर दोन तिकिटांची वाट दोन ठिकाणी जाऊ शकते.

हे सुरू कसे झाले?

अमेरिकेत १९७८ पर्यंत विमानाचे भाडे सरकारी मंडळ ठरवत असे. त्या वर्षीच्या कायद्याने भाडी मोकळी झाली. पीपल एक्सप्रेससारख्या नव्या कंपन्यांनी अतिशय स्वस्त तिकिटे विकायला सुरुवात केली. जुन्या अमेरिकन एअरलाइन्सपुढे पेच पडला. सगळ्यांना स्वस्त दिले तर दिवाळे, नाही दिले तर गिऱ्हाईक जाणार. रॉबर्ट क्रँडल यांच्या नेतृत्वाखाली त्या कंपनीने १९८५ मध्ये मधला मार्ग काढला. लवकर घेणाऱ्याला नव्या कंपनीइतके स्वस्त, उशिरा येणाऱ्याला महाग, आणि कोणत्या जागा कुणासाठी राखायच्या ते संगणक ठरवणार. पुढच्याच वर्षी पीपल एक्सप्रेस विकली गेली. तेव्हापासून ही पद्धत जगभर पसरली.

आपल्याकडे १९५३ च्या कायद्याने खासगी विमान कंपन्या राष्ट्रीयीकृत झाल्या आणि देशांतर्गत विमान म्हणजे इंडियन एअरलाइन्स असे समीकरण झाले. भाडे ठरलेले होते, त्यात चढउतार नव्हते, पण आपल्यापैकी किती जणांच्या वडिलांनी त्या काळात विमान आतून पाहिले होते? तो कायदा १९९४ मध्ये रद्द झाला. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन सुरू केली आणि काही जागा एक रुपयाला विकून दाखवल्या. तो एक रुपया परवडत होता, कारण त्याच विमानातला दुसरा प्रवासी काही हजार देत होता. स्वस्त तिकीट आणि महाग तिकीट ही एकाच आईची लेकरे आहेत. एकाला ठेवून दुसऱ्याला पूर्णपणे घराबाहेर काढता येत नाही. जुन्या ठरीव भाड्याची आठवण काढून हळहळणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

कोकण, आखात आणि एकतर्फी गर्दी

इथवर मी कंपनीची बाजू मांडली. आता दुसरी बाजू.

रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतल्या मुस्लिम वस्त्यांत आखाताची नोकरी ही दोन-तीन पिढ्यांची वाट आहे. त्या प्रवासाचे एक वैशिष्ट्य म्हणजे गर्दी एकाच दिशेने असते. आखातातल्या शाळांना जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी असते. जूनच्या अखेरीला सगळी कुटुंबे भारताकडे निघतात आणि ऑगस्टच्या अखेरीला सगळी परत जातात. जूनमध्ये दुबईहून येणारे विमान भरलेले असते, पण तेच विमान परत जाताना बरेचसे रिकामे असते. कंपनी दोन्ही फेऱ्यांचा खर्च भरलेल्या फेरीतून काढते. त्यात दोन देशांमधल्या करारांनी आठवड्याला किती जागा विकता येतील याचा कोटा ठरलेला असतो. मागणी वाढली म्हणून वाटेल तेवढी विमाने वाढवता येत नाहीत. मुंबई विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तिथेही वेळा अपुऱ्या पडतात. चिपीचे विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाले, पण तिथली सेवा नियमित राहिली नाही. मग कोकणातला माणूस फिरून फिरून मुंबईच्याच दाराशी येतो.

ईदचे गणित आणखी वेगळे. चांद्र वर्षामुळे ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येते. कधी ती शाळेच्या सुट्टीला जोडून येते, कधी मध्येच येते. पण आधी कळते, त्यामुळे ज्याची रजा आधी मंजूर होते तो आधी तिकीट काढू शकतो. ज्याचा मालक आठ दिवस आधी पासपोर्ट हातात देतो तो काढू शकत नाही. म्हणजे कार्यालयात बसणाऱ्याला स्वस्त तिकीट मिळते आणि बांधकामावर राबणाऱ्याला महाग. पगाराचा आणि तिकिटाचा असा उलटा संबंध लागतो.

सगळ्यात कठीण प्रसंग मृत्यूचा. आपल्याकडे दफनविधी शक्य तितक्या लवकर करायचा असतो. गावी वडील गेल्याचा फोन रात्री कुवेतला येतो आणि मुलाला पहाटेचे विमान हवे असते. संगणकाला वडील कळत नाहीत. त्याला इतकेच कळते, की हा माणूस उड्डाणाला सहा तास उरले असताना तिकीट शोधतो आहे, म्हणजे हा कितीही देईल. गणिताच्या दृष्टीने तो अगदी बरोबर आहे. पण माणुसकीच्या दृष्टीने? त्या मुलाने दोन महिने आधी तिकीट काढायला हवे होते, असे त्याला कोण सांगणार?

हजचे भाडे

चढउतार नसलेले भाडे कसे असते, हे पाहायचे असेल तर हजचे पाहावे. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांचे विमानभाडे आधी जाहीर होते आणि एका ठिकाणाहून निघणाऱ्या सगळ्यांना सारखेच असते. तरीही ते महाग वाटते, कारण पुन्हा तीच एकतर्फी गर्दी. हाजींना सोडून विमान रिकामे परत येते आणि त्यांना आणायला रिकामे जाते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हज अनुदान दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला आणि २०१८ मध्ये सरकारने ते पूर्ण बंद केले. अनुदानाच्या वादात मूळ प्रश्न झाकला गेला होता. तो असा, की भाडे इतके का, आणि स्पर्धा किती?

२०२४ मध्ये केरळात हा प्रश्न ठळकपणे समोर आला. कोझिकोडहून हजला जाणाऱ्यांसाठी आलेले भाडे कोची आणि कन्नूरच्या जवळपास दुप्पट होते. ऑगस्ट २०२० च्या अपघातानंतर कोझिकोडच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवर मोठ्या विमानांना बंदी आहे. लहान विमाने लागतात, फेऱ्या वाढतात, आणि निविदा भरणारेही कमी उरतात. लोकांनी आवाज उठवला तेव्हा भाडे काही प्रमाणात उतरले. यातून दोन गोष्टी दिसतात. खर्चाचे कारण खरे असू शकते, आणि तरीही सांगितलेला पहिला आकडा शेवटचा नसतो.

हजचा विषय निघालाच आहे तर इस्लामी व्यापारनीतीतली एक गोष्ट सांगायला हवी. मदिनेत भाव वाढले तेव्हा लोकांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे भाव ठरवून देण्याची मागणी केली आणि त्यांनी ती नाकारली. बाजार मोकळा राहावा, हा त्यामागचा विचार. पण त्यांनीच बाहेरून येणाऱ्या काफिल्याला बाजारात पोहोचण्याआधी वाटेत गाठून माल घेण्यास मनाई केली, कारण त्या व्यापाऱ्याला बाजारभाव माहीत नसतो. पुढे इब्न तैमिया यांनी याच धाग्याने मांडणी केली, की टंचाईमुळे वाढलेला भाव वेगळा आणि लोकांची अडवणूक करून वाढवलेला भाव वेगळा. पहिल्यात सत्तेने हात घालू नये, दुसऱ्यात घालावा. विमान तिकिटाबद्दल माझे मत नेमके या रेषेवर आहे. श्रद्धा बाजूला ठेवूनही ही रेषा कुणालाही पटावी.

मर्यादा घालता येते

"बाजार आहे, त्यात सरकार काय करणार?" असे म्हणणाऱ्यांनी विमानतळाबाहेरच्या रस्त्याकडे पाहावे. महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये खासगी ट्रॅव्हल्सच्या बसगाड्यांना एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडे घेऊ नये, असा नियम केला. गणपतीत आणि दिवाळीत तो किती पाळला जातो हा वेगळा विषय, पण नियम आहे आणि प्रवाशाला तो दाखवता येतो. रेल्वेने सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांना चढते भाडे लावले. दर दहा टक्के जागा भरल्या की मूळ भाडे दहा टक्क्यांनी वाढते आणि ठरलेल्या मर्यादेवर थांबते; सुरुवातीला ही मर्यादा दीडपट होती. हेही चढते भाडेच आहे, पण पायऱ्या किती, उंची किती आणि छत कुठे, हे आधी माहीत असते.

विमानात छत नाही. नियमांनुसार कंपन्या आपले दरपत्रक संकेतस्थळावर ठेवतात, आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा एक कक्ष निवडक मार्गांवरच्या भाड्यांवर नजरही ठेवतो. पण त्या दरपत्रकात सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा आकडा यांत इतके अंतर असते, की त्या दोन्हींमध्ये बसणारा कुठलाही भाव कायदेशीर ठरतो. मे २०२० मध्ये टाळेबंदीनंतर विमाने पुन्हा सुरू झाली तेव्हा सरकारने किमान आणि कमाल मर्यादा घातल्या. दिल्ली-मुंबईसाठी सुरुवातीला साडेतीन हजार ते दहा हजार. इतकेच नाही, तर ४० टक्के जागा त्या पट्ट्याच्या मध्याखालच्या भावात विकणे बंधनकारक होते. ही व्यवस्था ३१ ऑगस्ट २०२२ पर्यंत चालली. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि बाकीच्यांचे भाव आकाशाला भिडले, तेव्हा सरकारने पुन्हा मर्यादा घातली. ५०० किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, १५०० किलोमीटरच्या वर १८ हजार. म्हणजे मर्यादा घालणे जमते. अडचण एवढीच, की आग लागल्यावर विहीर खोदली जाते.

यावर दोन आक्षेप रास्त आहेत. पहिला असा, की छत फार खाली आणले तर कंपन्या खालच्या पायऱ्या काढून टाकतील आणि तीन हजारांचे तिकीट साडेचार हजारांचे होईल. शेवटच्या क्षणी येणाऱ्याला महाग का होईना, पण जागा मिळते ती राखून ठेवल्यामुळेच. सगळे स्वस्तात विकून टाकले तर त्याला जागाच मिळणार नाही. दुसरा आक्षेप, की हा धंदा तोट्याचा आहे. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये बंद पडली. हे दोन्ही आक्षेप मला मान्य आहेत. म्हणून सरसकट भाव बांधून द्यावेत असे मी म्हणत नाही.

मी मागतो ते थोडे आहे. एक, प्रत्येक मार्गावर सर्वांत महाग तिकीट नेहमीच्या भाड्याच्या किती पट होऊ शकेल, ते आधी जाहीर असावे आणि संकटाची वाट न पाहता ते कायम लागू असावे. दोन, प्रत्येक विमानात दोन-चार जागा मृत्यू किंवा गंभीर आजाराच्या प्रसंगासाठी ठरीव भाड्यात शेवटपर्यंत राखाव्यात, कागदपत्रे नंतर दाखवण्याच्या अटीवर. हे काही स्वप्नरंजन नाही. एअर कॅनडासारख्या कंपन्या शोकप्रसंगी सवलतीचे भाडे देतात. याच भाड्याबद्दल त्या कंपनीच्या संकेतस्थळावरील संगणकी मदतनिसाने चुकीची माहिती दिली, तेव्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने कंपनीला प्रवाशाची भरपाई करायला लावली. आपल्याकडे उडान योजनेत तासाभराच्या प्रवासासाठी निम्म्या जागा अडीच हजारांच्या आसपास विकण्याचा प्रयोग झालाच आहे. तिथे सरकारी मदत होती हे खरे, पण एकाच विमानात ठरीव भाडे आणि बाजारभाव शेजारी शेजारी बसू शकतात, हे त्याने दाखवले. तीन, स्पर्धा. देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक एकाच कंपनीच्या विमानात बसत असतील, तर ज्या मार्गावर तीच एकटी आहे तिथे भाव बाजार ठरवत नाही, ती कंपनी ठरवते.

पुढचे संकट

एका गोष्टीची मला खरी काळजी वाटते. आजवर भाव वेळ पाहून बदलत आला. कोण विकत घेतो आहे, याच्याशी त्याला फारसे घेणेदेणे नव्हते. २०२५ मध्ये अमेरिकेच्या डेल्टा कंपनीने देशांतर्गत भाड्यांपैकी पाचवा हिस्सा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने ठरवण्याचा मनोदय सांगितला. तिथल्या काही सिनेटरांनी लगेच जाब विचारला, की प्रत्येक माणसाला वेगळा भाव लावणार का? कंपनीने व्यक्तिगत भाव लावत नसल्याचे स्पष्ट केले. पण तंत्र त्या दारापर्यंत पोहोचले आहे. उद्या माणूस पाहून भाव ठरू लागला, तर पालकांच्या ज्या संशयाला मी वर बहुतांशी नाही म्हटले, त्याला हो म्हणावे लागेल. गर्दी पाहून वाढलेला भाव मी समजून घेऊ शकतो. माझ्या घरी दुःख आहे हे ओळखून वाढलेला भाव मी समजून घेणार नाही. आपल्या देशात यासाठी आजच स्पष्ट कायदा हवा.

तोपर्यंत आपल्या हातात जे आहे ते करावे. तारीख पक्की असेल तर देशांतर्गत प्रवासासाठी महिना-दीड महिना आधी तिकीट काढावे, सणासाठी त्याहून आधी. मंगळवारी मध्यरात्री तिकीट स्वस्त होते, अशा टोटक्यांच्या मागे लागू नये. मात्र आठवड्याच्या मधल्या दिवशी प्रवास केला तर खरेच फरक पडतो. मुंबईबरोबर पुणे, नवी मुंबई आणि गोव्यातल्या मोपाचाही भाव पाहावा. लग्नाचे किंवा उमराहचे दहाहून अधिक जण असतील तर कंपनीच्या समूह विभागाशी बोलावे. मधल्या संकेतस्थळावरचा भाव आणि कंपनीचा भाव, दोन्ही शेवटच्या पानापर्यंत जाऊन, सगळे आकार धरून ताडून पाहावेत.

आणि गावागावांतल्या जमाती, मंडळे, आखातातल्या संघटना यांनी एक काम करावे. दरवर्षी ईदच्या आधी "तिकिटे महागली" म्हणून निवेदन देण्यापेक्षा आपल्या मार्गावरचे भाव वर्षभर तारीखवार लिहून ठेवावेत. कोणत्या दिवशी, उड्डाणाच्या किती दिवस आधी, किती भाव होता, एवढेच. कंपनीकडे प्रत्येक आकडा असतो आणि आपल्याकडे फक्त राग असतो. वर्षभराची अशी एक वही खासदाराच्या टेबलावर ठेवली, तर "नेहमीच्या भाड्याच्या किती पट" या प्रश्नाला टाळाटाळ करणे अवघड जाईल.